नितेशसाठी झाकून ठेवलेलं

मी एक जुना रेकॉर्डर आहे. टीव्हीवरचे कार्यक्रम पकडायचे आणि पोटात ठेवायचे, हे माझं काम. मला पडदा नाही, आवाज नाही, दिसायलाही मी काही देखणा नाही. काळ्या पत्र्याचा एक डबा, मागे वायरींचा गुंता आणि पुढे एक लाल दिवा, एवढाच मी. बडनेऱ्यात स्टेशनच्या अलीकडे एक घर आहे, तिथे टीव्हीखालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुमच्या हातातल्या मोबाईलवर हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा दिसतो, त्यामुळे माझी तुम्हाला गरज वाटणार नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला फारसं काही वाटतच नाही, असं म्हटलं तरी चालेल. पण या घरात जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि थोडंफार माझ्यामुळे झालं, म्हणून सांगतो.

नवा कोरा असा मी कधीच नव्हतो. नितेशने मला जमवलं. अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या ऑफिसचे कॉम्प्युटर आले होते, त्यातला एक रिकामा डबा त्याने उचलला आणि पॅसेंजरने मांडीवर घेऊन बडनेऱ्याला आणला. मूर्तिजापूरला डब्यात चढलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्यावर भाजीची पिशवी ठेवली होती, ती थेट बडनेऱ्यापर्यंत. घरी आल्यावर नितेशने माझ्यात टीव्ही पकडणारं कार्ड बसवलं, एक मोठी डिस्क घातली, आणि पुढे लाल दिवा लावला. तो दिवा काही गरजेचा नव्हता. आईला कळावं म्हणून लावला होता.

नितेश रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. घरात त्याची आई गोदाबाई, बायको प्रणाली आणि लहानगी रागिणी. गोदाबाई मूळची बार्शीटाकळीकडची. शेती बटाईने देऊन ती मुलाकडे राहायला आली होती. शेतातली बाई शहरात आली तरी पहाटे उठायची, आणि मग दिवसभर करायचं काय म्हणून सगळ्यांवर लक्ष ठेवायची.

शिफ्टची नोकरी असलेल्या घरात एक ताट नेहमी झाकलेलं असतं, हे तुमच्यापैकी ज्यांचे वडील किंवा आई शिफ्टला जातात त्यांना ठाऊक असेल. नितेशच्या ड्यूटीचा काही नेम नसायचा. सकाळ, दुपार, रात्र, सगळं आलटून-पालटून. तो घरात नसताना जेवणं झाली की गोदाबाई त्याचं ताट वाढायची. पोळ्या, वरण, भाजी आणि कडेला ठेच्याचा चांगला गोळा. वर दुसरं ताट पालथं आणि मांजराच्या भीतीने त्यावर खलबत्त्यातला बत्ता. स्वयंपाकघर चिंचोळं, म्हणून हे ताट टीव्हीशेजारच्या स्टुलावर असायचं, म्हणजे माझ्या अगदी बाजूला.

नितेशला जेवण मिळायचं, पण मॅच मिळायची नाही. मालिका मिळायची नाही. त्यावरून तो चिडायचा.

"माय, जेवण झाकून ठेवता येते, तं म्याच काहून नाई झाकून ठेवता येत?"

"म्याच काय ताटात वाढू काय बापा?" गोदाबाई म्हणायची.

म्हणून मी जन्माला आलो. नितेशने मला कायमची कामं नेमून दिली होती. भारताची मॅच असली की पकड. ती चोर-पोलिसांची हिंदी मालिका पकड. आणि रोज संध्याकाळी केबलवाल्याच्या आपल्या स्थानिक वाहिनीवरच्या बातम्या पकड, कारण त्यात बडनेरा-अमरावतीचं सगळं यायचं, कोणाच्या गल्लीतली नाली तुंबली इथपर्यंत. एकदा सांगितलं की मी ते पुन्हा विचारत नाही. वेळ झाली की दिवा लागायचा आणि मी पकडायला सुरुवात करायचो.

गोदाबाईला कार्यक्रमांची नावं कळत नव्हती, दिवा कळत होता. स्टुलावर ताट ठेवताना ती माझ्याकडे वाकून बघायची. दिवा लागलेला असला की म्हणायची, "हां, याचं बी वाढलं." नसला की आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारायची, "प्रणाली, नितेशचं लावलं काय व?" प्रणाली हातातलं काम टाकून यायची, बघायची आणि सांगायची, "अजून टाइम हाय आई, लागते आपोआप."

आता माझ्या पोटात काय असतं, ते जरा समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. मी कार्यक्रम ठेवतो, पण त्यांना नावं देत नाही. माझ्याकडे नुसते लांबलचक आकडे असतात. ते वाचून कोणता कार्यक्रम ते माणसाला कळणार नाही. म्हणून नितेशने एक युक्ती केली. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्याने 'टीव्ही' नावाचं एक फोल्डर दिसेल असं केलं. ते उघडलं की आत मॅचचं फोल्डर, मालिकेचं फोल्डर, बातम्यांचं फोल्डर, सगळं नीट नावांनिशी. खरं म्हणजे तिथे काहीच नसतं. हॉटेलात भिंतीवर पाटी असते, तिच्यावर समोसा लिहिलेला असतो, पण समोसा पाटीत नसतो, आत कढईजवळ असतो. तसंच हे. कोणी त्या फोल्डरातलं नाव दाबलं की नितेशने लिहिलेला एक छोटा प्रोग्राम माझ्याकडे मागणी आणतो, मी आकडा शोधून माल देतो, आणि दाबणाऱ्याला वाटतं की सगळं तिथेच ठेवलं होतं. अशा फोल्डराला आभासी म्हणतात.

या आभासी फोल्डरात दोन त्रुटी राहिल्या होत्या. स्थानिक वाहिनीच्या कार्यक्रमांची माहिती कुठून मिळत नाही, त्यामुळे तिथलं सगळं 'स्थानिक बातम्या' या एकाच नावाने दिसायचं. आणि तारखा दाखवायचं काम अर्धवट राहिलं होतं. कोणतंही रेकॉर्डिंग पाहा, त्याच्यापुढे आजचीच तारीख. नावं सारखी, तारखा सारख्या, मग फोल्डर त्यांना मनाला येईल तसं मांडायचं, आज एक वर तर उद्या दुसरं. नितेश म्हणायचा, "पुढच्या रेस्टले करून टाकतो." रेस्ट म्हणजे त्याची साप्ताहिक सुट्टी. प्रत्येक रेस्टला दुसरं काहीतरी निघायचं.

ते दिवस चांगले होते. शेजारच्या माणिकबाई चुकलेली मालिका बघायला यायच्या आणि जाताना मला हात जोडायच्या. "बाप्पा, काय डोकं चालते या पोराचं," म्हणायच्या. नितेश ड्यूटीवरून आला की हात धुऊन स्टुलाजवळ बसायचा, बत्ता उचलायचा, वरचं ताट काढायचा आणि मला चालू करायचा. एक घास आणि एक ओव्हर. निकाल माहीत असला तरी ओरडायचा. प्रणाली शेजारी रागिणीला घेऊन बसायची आणि जे लागलं असेल ते पाहायची.

मग तो दिवस आला. नितेश दुपारच्या शिफ्टला निघाला. संध्याकाळी मॅच होती. त्याने बूट घालता घालता माझ्याकडे पाहिलं आणि तो गेला. मॅच सुरू झाली, दिवा लागला, गोदाबाईने ताट वाढलं, वर बत्ता ठेवला. मॅच चालू असतानाच फोन वाजला. कामावर त्याच्या छातीत दुखलं होतं आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. घरातले सगळे धावत बाहेर पडले. मी मॅच शेवटपर्यंत रेकॉर्ड केली. थांब असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. कोणीतरी ते ताट उचललं, आतलं जेवण गाईला घातलं, ताट धुऊन पालथं घातलं. असं करावंच लागतं. एवढ्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. गोदाबाईच्या आलं. ती स्टुलाकडे बघत राहिली.

तेरावं झाल्यावर पातूरचे एक पाहुणे निघता निघता माझ्यापाशी थांबले. "हे काहून चालू ठेवलं? लाइट जळते फुकटची," म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका," गोदाबाई म्हणाली. "त्याचं हाय ते."

पाहुण्यांनी हात मागे घेतला.

मित्रांनो, त्यानंतरच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. प्रणालीला नितेशच्या जागी रेल्वेत नोकरी मिळाली, स्टेशनवरच्याच एका ऑफिसात. तिलाही शिफ्ट आली. ती जायची, यायची. ती रडत नव्हती. येणाऱ्या बायका म्हणायच्या, रडली असती तर बरं झालं असतं. तिला काही विचारलं तर ती उत्तर द्यायची, न विचारलं तर गप्प असायची. गोदाबाई ताट वाढून, बत्ता ठेवून स्टुलावर ठेवायची, पूर्वीसारखंच, ठेच्याच्या गोळ्यासकट. प्रणाली ड्यूटीवरून आली की ते ताट घेऊन बसायची. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ते ठेच्याचं. ती तांब्याभर पाणी प्यायची आणि ताट संपवायची.

टीव्ही क्वचित लागायचा. रागिणी मोठी होत होती आणि मोबाईलवर बघायची. माझ्यावर धूळ बसली. पण मी माझं काम सोडलं नव्हतं. मॅच आली, पकडली. मालिका बंद होऊन दुसरी सुरू झाली, तीही पकडली. बातम्या रोज. गोदाबाई रोज वाकून दिवा बघायची आणि म्हणायची, "हां, वाढलं." कोणासाठी, ते ती म्हणायची नाही.

कोणी पाहत नव्हतं, म्हणून कोणी पुसतही नव्हतं. शेवटी मी भरलो. भरल्यावर काय करायचं तेही नितेशने सांगून ठेवलं होतं. सगळ्यांत जुनं असेल ते पुसायचं आणि नव्याला जागा करायची. फक्त ज्यावर 'जपून ठेव' अशी खूण असेल त्याला हात लावायचा नाही. खूण कशावरच नव्हती. मी पुसू लागलो. रोज संध्याकाळी एक नवी बातमीपत्राची फाईल आत यायची आणि रोज एक जुनी जायची. नितेशने बघितलेलं, नितेशने हसत बघितलेलं, नितेश असतानाचं सगळं हळूहळू जाऊ लागलं, आणि त्याच्या जागी तो नसतानाचं येऊ लागलं.

एका दुपारी माणिकबाई बसायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या तान्ह्या पोळ्याले नितेश टीव्हीवर आला होता, पाह्यलं होतं नं तुमी? कॉलनीतला. मायक धरला होता त्याच्यापुढं. मले सांगाचंच राहून गेलं होतं."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो. मुलं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, नंबर काढतात, खाऊ वाटतात. स्थानिक वाहिनीवाले येऊन शूटिंग करतात.

"कोणत्या सालचा?" प्रणालीने विचारलं. नितेश गेल्यापासून तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न असेल.

"साल नाई आठोत बाई. रागिणी बारकी होती."

घरात नितेशचे फोटो होते, पण चालता-बोलता नितेश कुठेच नव्हता. घरातलं शूटिंग तोच करायचा, आणि मोबाईलच्या मागे गप्प उभा राहायचा, आवाज नको म्हणून. त्याचा आवाज आता कोणाकडेच उरला नव्हता. माझ्याकडे होता, आणि माझ्याकडे तो पुसायच्या रांगेत बराच पुढे आलेला होता. हे मला माहीत होतं. पण मी बोलू शकत नाही. मला मागितलं तेच मला देता येतं.

प्रणालीने आतल्या खोलीतला कॉम्प्युटर चालू केला आणि नितेशचं 'टीव्ही' फोल्डर उघडलं. त्याआधी तिने ते कधी उघडलं नव्हतं. बातम्यांच्या फोल्डरात खालपर्यंत एकच नाव आणि सगळीकडे आजची तारीख. तिने पहिलं दाबलं. लग्नाच्या हॉलची जाहिरात, नगरपालिका, कापसाचे भाव, कोणाचा तरी सत्कार. दुसरं दाबलं. मग तिसरं. सकाळची ड्यूटी असली की ती दुपारी बसायची, दुपारची असली की सकाळी. दुसऱ्या दिवशी उघडलं की क्रम बदललेला, कोणतं पाहिलं आणि कोणतं राहिलं ते कळायचं नाही. तरी ती बघत राहिली. मी देत राहिलो.

त्यात एके दिवशी तिला रागिणीच्या शाळेचं स्नेहसंमेलन सापडलं. रागिणी फुलपाखरू झाली होती आणि तिचा एक पंख सुटून लोंबत होता. प्रणालीच्या तोंडावर हसू आलं. रागिणीला दाखवायचं म्हणून ती शाळा सुटायची वाट बघत बसली. पण त्या दिवशी रागिणी शिकवणीला गेली आणि राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दोघी बसल्या, सगळं शोधलं, फुलपाखरू कुठेच नव्हतं. संध्याकाळच्या बातम्यांसाठी मी ते पुसलं होतं.

आधी प्रणालीला वाटलं आपलंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. मग तिला आठवलं. नितेश एकदा म्हणाला होता, भरलं की जुनं आपोआप जाते. ती उठून बाहेरच्या खोलीत आली. दिवा लागला होता. गोदाबाई स्टुलाशी वाकून तो बघत होती.

"आई, हे रेकॉर्डिंग बंद करा लागते."

"काहून?"

"जागा नाई राह्यली त्याच्यात. रोज नवं भरते अन् जुनं पुसून टाकते. नितेशचं त्याच्यातच असन कुठीतरी. बंद केलं तं मले शोधाले टाइम भेटन."

"बंद नाई कराचं," गोदाबाई म्हणाली. "बंद केलं म्हणजे काय? तो येत नाई म्हणून बंद?"

तिने रिकाम्या स्टुलावर हात ठेवला.

"ते ताट तुमी लोकायनं उचललं," गोदाबाई म्हणाली. "मले विचारलं बी नाई. गाईले देलं. हे नाई उचलू देत मी."

मित्रांनो, प्रणालीला ते सासूच्या नकळत बंद करता आलं असतं. कॉम्प्युटरवर दोन-तीन ठिकाणी दाबायचं, बस. तिने केलं नाही. त्या घरात एकाच माणसाच्या मागे दोघी राहिल्या होत्या, आणि एकीचा आधार काढून दुसरीने आपला मिळवावा हे तिला जमलं नाही. ती बघत राहिली, गोदाबाई दिवा बघत राहिली, आणि मी रोज एक पुसत राहिलो. मला त्या दिवसांत बरं वाटत नव्हतं. काय वाटत होतं ते नीट सांगता येणार नाही, पण बरं वाटत नव्हतं.

शेवटी एका सकाळी ड्यूटीला निघताना प्रणाली दारात थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "आई, तुमी रोज त्याच्यासाठी जे झाकून ठेवून राह्यल्या नं, तेच त्याले खाऊन राह्यलं." आणि ती गेली.

गोदाबाई दिवसभर खोलीतच होती. मध्येच उठून माझ्यापुढे यायची, पुन्हा जाऊन बसायची. संध्याकाळी बातम्यांची वेळ झाली, माझा दिवा लागला. तशी ती आली, खाली बसली, माझ्या मागे हात घातला आणि एक वायर ओढून काढली. तिला ठाऊक नव्हतं, पण ती केबलची वायर होती. चित्र यायचं बंद झालं, मी बंद झालो नाही. वेळ झाली की पकडायचं, एवढंच मला सांगितलेलं. मी काळा पडदा रेकॉर्ड करू लागलो. दिवा तसाच.

"अजून जळूनच राह्यला काय रे तू?" ती मला म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. हातातल्या वायरीकडे बघत ती तिथेच फरशीवर बसून राहिली, आणि मी तेवढ्या काळ्या पडद्यासाठीही एक जुनं रेकॉर्डिंग पुसलं. ते तान्ह्या पोळ्याचं नव्हतं. त्याच्या आधीच्या दिवसाचं होतं. उद्या तान्ह्या पोळ्याची पाळी होती.

प्रणालीला त्या दिवशी सुटायला उशीर झाला. ती आली तेव्हा बातम्यांची वेळ अजून संपली नव्हती आणि गोदाबाई तशीच बसलेली होती, वायर हातात.

"माह्यानं नाई विझला," गोदाबाई म्हणाली. "तूच विझव."

प्रणालीने चप्पल काढली, आत गेली, कॉम्प्युटर चालू केला आणि नितेशने नेमून दिलेली कामं एकेक करून काढली. मॅच. मालिका. बातम्या. शेवटचं काढलं तेव्हा माझा लाल दिवा गेला. बाहेरच्या खोलीत गोदाबाई त्याच्याकडेच बघत होती. तो गेल्यावर तिने पदर तोंडाशी धरला. त्या घरात नितेश त्या दिवशी गेला, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी प्रणालीची रेस्ट होती. गोदाबाईने आतल्या खोलीत खुर्ची ओढली आणि ती सुनेच्या शेजारी बसली. प्रणाली दाबायची, पुढे पळवायची, गोदाबाई चष्मा सावरून बघायची. लग्नाचा हॉल, कापूस, सत्कार, तुंबलेली नाली. बऱ्याच वेळाने पडद्यावर झिरमिळ्या लावलेले लाकडी बैल आले.

"थांब," गोदाबाई म्हणाली. "ते शर्ट माहं आणलेलं हाय."

पाठमोरा एक माणूस होता. बगलेत रागिणीचा लाकडी बैल, हातात भज्यांचा कागद. बातमीदाराने त्याच्या खांद्याला हात लावला, तो वळला. नितेशच्या तोंडात भजं होतं.

"काय सांगाल आजच्या तान्ह्या पोळ्याबद्दल?"

"काय सांगू?" नितेश म्हणाला, चावता चावता. "माह्या पोरीच्या बैलाले नंबर नाई देला यायनं." मागे कोणीतरी हसलं. मग त्याने सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मले ड्यूटीवर जा लागते आता. घरी पाहून राह्यले असन तं सांगून देतो. माय, ताट झाकून ठेवजो. अन् प्रणालीले म्हणा, जेवून घे, माही वाट नको पाहू."

तो भज्यांचा कागद उंचावून हसला आणि बातमी पुढे सरकली.

प्रणालीने ते थांबवलं, मागे घेतलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा. कितीदा ते मी मोजलं नाही.

"बोलतानी खाऊन राह्यला," गोदाबाई म्हणाली. "लहानपणापासून सांगत आली मी त्याले." मग सुनेकडे वळून म्हणाली, "तू जेवली काय व?"

"नाई."

गोदाबाई उठली. बाहेरच्या खोलीत तिने ताट वाढायला घेतलं. पोळी, वरण, वांग्याची भाजी. सवयीने ठेच्याचा गोळा ठेवला, आणि तिचा हात थांबला. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"प्रणाली, तुले ठेचा चालते काय व?"

"नाई चालत," आतून आवाज आला.

"मंग इतके दिवस काहून खाल्ला?"

"होता ताटात."

गोदाबाईने तो गोळा उचलून वाटीत काढला. ताट घेऊन ती आत गेली आणि सुनेसमोर ठेवलं. झाकलं नाही. मग माझ्या त्या फोल्डराकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्यात तुहं काय हाय?"

प्रणालीने पडद्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मॅच, मालिका, बातम्या. सासूची हाक आली की हातातलं काम टाकून नितेशचं लागलं की नाही ते तीच येऊन बघायची. "माहं काई नाई," ती म्हणाली.

"तुले काय आवडते पाहाले?"

प्रणालीला पटकन आठवेना. ती विचार करू लागली. घास हातातच राहिला.

"हत्ती," ती म्हणाली. "ते जंगलातले दाखवतेत नं, कळपानं चालते ते. हत्ती."

हत्ती म्हणताना तिला रडू फुटलं. नितेश गेल्यापासूनचं सगळं रडणं त्या दुपारी आलं. हत्तीत रडण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण गोदाबाईला कळलं असावं. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

तान्ह्या पोळ्याच्या त्या रेकॉर्डिंगवर आता 'जपून ठेव' अशी खूण आहे. रागिणीने ते सगळ्यांच्या मोबाईलवरही पाठवलं, माणिकबाईंच्यासुद्धा. आभासी फोल्डरात त्याच्यापुढे अजूनही आजचीच तारीख दिसते. उद्या उघडलं तर उद्याची दिसेल. ती खोट दुरुस्त करायला प्रणालीने कोणाला सांगितलेलं नाही.

मित्रांनो, जाता जाता माझं एक मागणं आहे. यंत्राला काम नेमून दिलं की विसरून जाऊ नका, त्याच्या पोटात काय उरलं आहे ते अधूनमधून बघत जा. जे जपायचं असेल त्यावर वेळेत खूण करा, कारण मला माया कळत नाही, खूण कळते. आणि तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांचं झाकून ठेवतं, सगळ्यांचं लागलं की नाही ते बघतं, त्याला तुम्ही एकदा विचारा की त्याला काय आवडतं. माझ्यासारखं ठोकळं यंत्र ते विचारू शकत नाही.

आज प्रणालीची दुपारची शिफ्ट आहे. केबलची वायर पुन्हा जागेवर आहे आणि मला नवं काम नेमून दिलेलं आहे. स्टुलावर ताट आहे, वर बत्ता आहे, आत ठेचा नाही. गोदाबाई आत्ताच वाकून बघून गेली. हत्ती सुरू झाले आहेत आणि माझा दिवा लागलेला आहे.